हसवणारी छायाचित्रे, न हसणारे प्राणी

प्राण्यांमध्ये स्वतःचे प्रतिबिंब पाहण्याची माणसाची सवय फार जुनी आहे. पंचतंत्रातील धूर्त कोल्हा, चतुर माकड आणि मूर्ख गाढव यांची ओळख आपल्याला अक्षरओळखीच्याही आधी झालेली असते. कथाकाराने त्यांच्या तोंडी माणसाची भाषा घातली आणि ते प्राणी आपल्या घरातले झाले. आज हेच काम कॅमेरा करतो. डोक्याला हात लावून बसलेले अस्वल, पोट धरून हसणारा सील, रुसून पाठ फिरवलेले पेंग्विन अशी छायाचित्रे कार्यालयातील टेबलावरच्या दिनदर्शिकेपासून हातातल्या मोबाइलपर्यंत सर्वत्र भेटतात. दिवसभराच्या आकडेमोडीत क्षणभर विसावा देतात आणि पुढच्या माणसाकडे रवाना होतात.

या विसाव्याला नावे ठेवण्याचे काहीच कारण नाही. मात्र छायाचित्र पाहून हसून झाल्यावर आणखी एक क्षण थांबले आणि ‘हा प्राणी कोणता, आणि तो खरोखर काय करतो आहे?’ असे विचारले, तर त्या गमतीमागे एक निराळेच जग उघडते. काही वेळा ते जग गमतीहूनही विलक्षण असते. काही वेळा मात्र आपण ज्याला हसलो तो प्राणी भीतीने थरथरत होता, हे कळते. या दोहोंतील फरक ओळखता यावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

गमतीची स्पर्धा, गंभीर हेतू

वन्यजीवांच्या विनोदी छायाचित्रांना स्वतंत्र व्यासपीठ मिळाले ते २०१५ साली. पॉल जॉयन्सन-हिक्स आणि टॉम सुलाम या दोन छायाचित्रकारांनी ‘कॉमेडी वाइल्डलाइफ फोटोग्राफी अवॉर्ड्स’ ही स्पर्धा सुरू केली. वन्यजीवांविषयीच्या बातम्या बहुधा दुःखद असतात; जंगलतोड, शिकार आणि नामशेष होणाऱ्या प्रजाती यांविषयी वाचून वाचक हळहळतो आणि पान उलटतो. हसत हसत लोकांना या विषयाजवळ आणावे, हा स्पर्धेमागचा विचार होता. पाळीव प्राण्यांना येथे प्रवेश नाही. प्राणी रानातला हवा आणि छायाचित्रात कृत्रिम फेरफार नको, ही अट आहे. त्यामुळे जे दिसते ते खरोखर घडलेले असते. प्रश्न उरतो तो केवळ अर्थाचा.

गालांत कोठार

पहिल्याच वर्षी, २०१५ साली, हा पुरस्कार ऑस्ट्रियाच्या ज्युलियन राड यांच्या छायाचित्राला मिळाला. तोंडात गवत कोंबून लगबगीने धावणारा एक हॅमस्टर त्यात दिसतो. सणाच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाजारातून धावत सुटलेल्या गृहस्थाची आठवण व्हावी, असा त्याचा आविर्भाव आहे.

हा युरोपीय हॅमस्टर म्हणजे उंदराच्या गणातील एक गुबगुबीत प्राणी. त्याच्या गालांच्या आत पिशव्या असतात. शेतातील दाणे आणि हिरवा चारा त्यांत भरून तो बिळात नेतो आणि हिवाळ्यासाठी साठवतो. थंडीचा बराचसा काळ तो बिळात निद्रिस्त असतो. मधूनमधून जाग आली की आपल्या कोठारातील दाणे खातो. पुढच्या कठीण दिवसांसाठी आज थोडे बाजूला ठेवावे, हे तत्त्व बँकेच्या ग्राहकाला निराळे समजावून सांगावे लागणार नाही!

पण हा काटकसरी प्राणी आज संकटात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२० साली त्याचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ प्रजातींत केला. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात एक मादी वर्षाला वीसहून अधिक पिल्ले देत असे. आता ही संख्या पाच-सहावर आली आहे. एकाच पिकाखाली गेलेले विस्तीर्ण शेत, औद्योगिक विकास, प्रकाशाचे प्रदूषण आणि बदलते हवामान ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे तर हे हॅमस्टर दफनभूमीतील थडग्यांमध्ये आसरा घेऊन राहतात. चित्रातील ती धावपळ गमतीची वाटली, तरी त्या प्राण्यासाठी तो हिवाळ्यात तगून राहण्याचा प्रश्न असतो.

खोकडीची बुडी

पुढच्या वर्षी, २०१६ साली, अँजेला बोल्के यांचे छायाचित्र सर्वोत्कृष्ट ठरले. त्यात एका खोकडीचे डोके बर्फात पूर्ण रुतलेले आहे आणि उरलेले शरीर वर हवेत आहे. येथे एक खुलासा करणे उचित ठरेल. मराठी कथांत ज्याला आपण कोल्हा म्हणतो तो निराळा प्राणी. छायाचित्रातील प्राणी आपल्या माळरानावरील खोकडीच्या जवळच्या नात्यातला, थंड प्रदेशात राहणारा आहे. त्याला तांबडी खोकड म्हणता येईल.

धावता धावता फजिती झाली, असे ते दृश्य पाहून वाटते. वस्तुतः ती कसलेल्या शिकाऱ्याची उडी आहे. बर्फाखाली बिळे करून राहणाऱ्या उंदरांची हालचाल खोकड केवळ कानांनी टिपते. मग हवेत उंच झेपावून, नाक खाली करून ती नेमक्या जागी कोसळते. चेक संशोधकांनी अशा सुमारे सहाशे उड्यांची नोंद केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात एक आश्चर्यकारक गोष्ट आढळली. दाट गवतात किंवा बर्फात, म्हणजे भक्ष्य दिसत नसताना, खोकडी बहुधा ईशान्येकडे तोंड करून झेप घेतात आणि त्या दिशेच्या सुमारे ७३ टक्के उड्या यशस्वी होतात. अगदी उलट दिशेच्या उड्यांतही यशाचे प्रमाण ६० टक्के होते. इतर दिशांना मात्र ते जेमतेम १८ टक्के भरले. भक्ष्याचे अंतर मापण्यासाठी खोकड पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करीत असावी, असा तर्क संशोधकांनी मांडला आहे. ज्या मुद्रेला आपण फजिती समजलो, तिच्यात इतके कौशल्य दडलेले असते.

फांदीवरचे पिंगळे

२०१७ सालचे विजेते छायाचित्र हंगेरीच्या टिबोर केर्च यांचे. एका फांदीवर घुबडांची पिल्ले बसली आहेत आणि त्यांतील एक घसरून, चोच व नख्यांच्या आधाराने लोंबकळते आहे. शेजारच्या भावंडांच्या चेहऱ्यांवर मात्र कमालीची अलिप्तता! गर्दीच्या लोकलमध्ये आसन मिळालेल्या प्रवाशाच्या चेहऱ्यावर असते तशी.

घुबडाची पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच ढोलीबाहेर पडतात. काही दिवस ती फांद्यांवर चालत, घसरत, चोच आणि नख्यांनी पुन्हा वर चढत काढतात. ही धडपड हे त्यांचे शिक्षण असते. बागेत असे पिल्लू दिसले की ‘बिचारे पडले’ म्हणून अनेकजण ते घरी आणतात. पिल्लू जखमी नसेल आणि मांजर-कुत्र्याचा धोका नसेल, तर बहुधा त्याला तेथेच राहू देणे हिताचे. आई-बाप जवळपासच असतात.

छायाचित्रातील हे छोटे घुबड मराठी वाचकाला अगदीच परके नाही. आपल्या गावाशहरांतील जुन्या झाडांच्या ढोलीत राहणारा पिंगळा हा त्याचा सख्खा भाऊबंद. दोघेही एकाच प्रजातिकुळातले. पंजाबातील कपूरथळा येथे पाइपच्या तोंडातून डोकावणाऱ्या अशाच दोन पिंगळ्यांच्या छायाचित्राला २०१८ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या गटात पुरस्कार मिळाला होता. आपल्याकडे पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या लोककलावंतालाही पिंगळा म्हणतात, आणि या पक्ष्याच्या ओरडण्यावरून शकुन-अपशकुन पाहणारेही आहेत. प्रत्यक्षात तो कीटक व उंदीर फस्त करणारा शेतकऱ्याचा मित्र आहे. माणूस दिसताच तो मान खाली-वर करतो तेव्हा हसू येते. तथापि घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत; अंतराचा अंदाज घेण्यासाठी त्याला संपूर्ण डोकेच हलवावे लागते.

याच कुळातला रानपिंगळा १८७३ साली शास्त्रज्ञांना प्रथम ज्ञात झाला आणि १८८४ नंतर त्याची एकही खात्रीलायक नोंद झाली नाही. तो नामशेष झाला असेच मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी सापडलेल्या त्या पक्ष्याचे चित्रीकरण झाले आणि पुढे मेळघाटासह अनेक ठिकाणी त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. आजही तो संकटग्रस्त आहे. पिंगळ्याच्या चित्राला हसणाऱ्याने त्याच्या या दुर्मीळ भावंडाचीही ओळख करून घ्यावी.

दात दिसले म्हणजे हसू नव्हे

येथवरची उदाहरणे निर्मळ आनंदाची झाली. आता थोडे सावध व्हावयास हवे.

३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने ‘हॅम’ नावाचा एक चिंपांझी अग्निबाणातून अंतराळात पाठवला. साडेसोळा मिनिटांहून थोड्या अधिक काळाचे ते उड्डाण आटोपून तो सुखरूप परतला. त्याची दात दाखवणारी छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली आणि हॅम किती आनंदात आहे, याचे कौतुक झाले. चिंपांझींच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या जेन गुडाल यांनी मात्र ती मुद्रा पाहून, इतकी पराकोटीची भीती आपण कोणत्याही चिंपांझीच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही, असे मत दिले. ओठ मागे ओढून दात उघडे करणे हा चिंपांझींत बहुधा भयाचा आविष्कार असतो. ज्या चित्राने जगाला हसवले, ते एका घाबरलेल्या जीवाचे होते.

उत्तर भारतातील ऱ्हीसस माकडांतही दुर्बल माकड बलवानासमोर शरणागती म्हणून दात दाखवते. पण इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या काळ्या तुरेवाल्या माकडांत हीच मुद्रा मैत्रीपूर्ण भेटीगाठींतही दिसते. म्हणजे एकाच खुणेचा अर्थ जातीजातीगणिक बदलतो. प्रजाती ठाऊक नसेल, तर चेहरा वाचता येत नाही.

याच तुरेवाल्या माकडांपैकी एकाने ब्रिटिश छायाचित्रकार डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्याची कळ दाबली आणि २०११ साली त्याचे दात दाखवणारे ‘स्वछायाचित्र’ जगभर गाजले. त्यातून एक अपूर्व कायदेशीर प्रश्न उभा राहिला : या चित्राचे स्वामित्व कोणाचे? २०१५ साली ‘पेटा’ या प्राणिहक्क संघटनेने माकडाच्या वतीने अमेरिकेत दावा लावला. २०१७ साली उभय पक्षांत तडजोड झाली आणि त्या चित्रापासून यापुढे मिळणाऱ्या उत्पन्नाचा २५ टक्के भाग या माकडांच्या अधिवासाचे रक्षण करणाऱ्या संस्थांना देण्याचे स्लेटर यांनी मान्य केले. स्वामित्व हक्काच्या कायद्याखाली माकडाला दावा लावता येत नाही, असा निर्णय अपील न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये दिला. या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. शिकार आणि जंगलतोड यांमुळे ही माकडे अतिसंकटग्रस्त आहेत.

सर्वांत क्लेशदायक उदाहरण स्लो लोरिसचे. मोठ्या डोळ्यांचा, मंदगती असा हा निशाचर प्राणी दक्षिण व आग्नेय आशियात आढळतो; आपल्या ईशान्य भारतातील जंगलांतही त्याची एक जात आहे. २००९ साली एका पाळलेल्या लोरिसची चित्रफीत इंटरनेटवर पसरली. गुदगुल्या केल्या की तो दोन्ही हात वर करतो आणि पाहणाऱ्याला वाटते, ‘आणखी करा’ असेच तो सांगतो आहे. खरे कारण असे की, लोरिसच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की विष तयार होते. हात वर करून तो स्वसंरक्षणाच्या तयारीत असतो. अशा चित्रफितींमुळे तो पाळावा अशी हौस अनेकांना वाटू लागली. चोरट्या बाजारात विकण्यापूर्वी त्याचे दात कापले जातात आणि त्या जखमांनी कित्येक लोरिस मरतात. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ पासून कडक बंदी आहे. भारतात तर त्याला वन्यजीव अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. ही चित्रफीत कौतुकाने पुढे पाठवणारा माणूस नकळत त्या बाजाराची जाहिरात करीत असतो.

कुरूपतेचा शिक्का

विनोदासाठी ज्याच्यावर सर्वाधिक अन्याय झाला असा एक मासाही आहे. ‘ब्लॉबफिश’ या नावाने ओळखला जाणारा, लोंबते नाक आणि ओघळलेला दुःखी चेहरा असलेला तो गुलाबी गोळा अनेकांनी पाहिला असेल. त्याचे प्रसिद्ध छायाचित्र २००३ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संशोधन मोहिमेत जहाजावर घेतले गेले. पुढे २०१३ साली जनमताने त्याला ‘जगातील सर्वांत कुरूप प्राणी’ हा किताब मिळाला.

हा मासा समुद्रात शेकडो मीटर, काही वेळा हजार मीटरहून खोल राहतो. हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट असतो. तेथे टिकून राहण्यासाठी त्याचे अंग मऊ आणि लिबलिबीत असते. भोवतीच्या पाण्याचा दाबच त्याला आकार देतो. जाळ्यातून वर ओढल्यावर तो आधार नाहीसा होतो आणि शरीर ढासळते. आपल्या घरी तो बऱ्यापैकी माशासारखाच दिसतो! ज्या चेहऱ्याला जग हसले तो चेहरा माणसाने त्याला दिलेला होता. समाधानाची गोष्ट अशी की, न्यूझीलंडमध्ये २०२५ साली लोकांनी याच माशाला ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट मासा’ म्हणून निवडले. खोल समुद्रातील मासेमारीत अजाणता जाळ्यात सापडणाऱ्या अशा जीवांकडे त्या निमित्ताने लक्ष वेधले गेले.

हास्य उपकारक केव्हा ठरते?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळील रॉटनेस्ट बेटावर ‘क्वोका’ हा मांजराएवढा, कांगारूच्या कुळातला प्राणी राहतो. १६९६ साली येथे आलेल्या डच दर्यावर्दी विलेम दे व्लामिंग याला तो मोठा उंदीर वाटला आणि बेटाचे नावही त्यावरूनच पडले. क्वोकाच्या तोंडाची ठेवणच अशी आहे की तो सदैव हसतमुख दिसतो. टेनिसपटू रॉजर फेडरर याने डिसेंबर २०१७ मध्ये त्याच्यासोबत काढलेले छायाचित्र सर्वत्र गाजले. असे छायाचित्र काढण्यासाठी पर्यटक या बेटावर येतात. मात्र क्वोकाला हात लावण्यास किंवा खाऊ घालण्यास तेथे मनाई आहे. मुख्य भूमीवर युरोपातून आणलेल्या खोकडीने आणि जंगलतोडीने त्याची संख्या रोडावली. बेटावर खोकड नाही, म्हणून तो तेथे निर्धास्त आहे. वर जिच्या उडीचे कौतुक केले तीच खोकड माणसाने परक्या भूमीत नेताच घातक ठरली.

लोकांची आस्था वाढली, नियम पाळले गेले आणि प्रयत्न दीर्घकाळ चालले, तर परिस्थिती पालटते, याचेही उदाहरण आहे. २०२० साली याच विनोदी स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मार्क फिट्झपॅट्रिक यांच्या छायाचित्राला पुरस्कार मिळाला. ग्रेट बॅरिअर रीफमधील लेडी एलियट बेटापाशी पोहणारे एक हिरवे समुद्री कासव आपल्या वल्ह्यासारख्या पायाने पाहणाऱ्याला अशिष्ट खूण करीत असल्याचा भास त्यात होतो. प्रत्यक्षात ते नुसते पोहत आहे. ही जात दीर्घकाळ संकटग्रस्त मानली जात होती. अंडी घालण्याच्या किनाऱ्यांचे रक्षण, अंड्यांच्या व मांसाच्या व्यापाराला आळा आणि मासेमारीच्या जाळ्यांतून सुटकेची सोय, असे उपाय कित्येक दशके चालले. त्यांमुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये निसर्ग संवर्धन संघाने तिला संकटग्रस्त यादीतून काढून ‘अल्प चिंता’ गटात नेले.

आपल्या कॅमेऱ्यासमोर

आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. सुटीत ताडोबा, कान्हा, काझीरंगा किंवा पेरियार पाहण्यास जाणारी कुटुंबे, घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स देणारे प्रवासी आणि बाल्कनीतल्या खारीवर नजर ठेवणारी मुले हे सारेच छायाचित्रकार झाले आहेत. म्हणून काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट.

गंमत घडण्याची वाट पाहावी. ती घडवून आणू नये. दगड मारून, आवाज काढून किंवा खाद्य दाखवून मिळवलेली मुद्रा ही त्या जीवाची चिडलेली अथवा लाचार मुद्रा असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार अभयारण्यात प्राण्यांना डिवचणे वा त्रास देणे निषिद्ध आहे. घाटातील माकडांना खाऊ मिळू लागला की ती रस्त्यावर ठाण मांडतात, वाहनांखाली येतात आणि अखेरीस माणसांवर धावून जातात. घरट्याजवळ गर्दी केल्याने पक्षी अंडी सोडून जाण्याची भीती असते. वन्य प्राणी खेळण्यासारखा हाताळलेला दिसेल, कपडे घातलेला दिसेल किंवा घरात पाळलेला दिसेल, तर ती चित्रफीत पुढे पाठवू नये.

आणि छायाचित्र खरोखरच रानातले, कोणालाही न दुखावता टिपलेले असेल, तर ते अवश्य पाठवावे. पाठवताना त्या प्राण्याचे नाव, त्याचा प्रदेश आणि तो काय करतो आहे हे एका ओळीत लिहावे. मुलांना चित्र दाखवावे, हसू द्यावे आणि मग विचारावे, ‘हा कोण?’ उत्तर ठाऊक नसेल तर पक्षी-प्राण्यांची पुस्तके मराठीतही उपलब्ध आहेत. ती दोघांनी मिळून उघडावीत. हॅमस्टरच्या गालांतील दाणे, खोकडीच्या उडीची दिशा आणि पिंगळ्याच्या मानेची हालचाल समजल्यावर चित्रातील गंमत कमी होत नाही. मूल पुन्हा एकदा हसते, आणि या वेळी त्याला ठाऊक असते की आपण कोणाकडे पाहून हसतो आहोत.